दोन पायऱ्यांच्या मधलं

वाशी गावाहून कमलचा फोन आला, तेव्हा तिच्या वडिलांसाठी केलेला सर्किट बोर्ड माझ्या टेबलावरच पडला होता. "सर, अण्णा गेले," एवढंच ती बोलली. रविवारी नक्की येतो, असं मी किती रविवार सांगत आलो होतो, ते आठवून अजून लाज वाटते...

अंकुशअण्णा खुरपी करायचे. भट्टी सोडून त्यांनी तांब्याच्या वेटोळ्यात लोखंड तापवणारं इंडक्शन मशीन स्वतः जुळवलं होतं. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो; चौकशी करत ते तिथंच आले आणि ओळख झाली. पातं लाल होत आलं की वेटोळ्याला लागणारी विजेची फ्रिक्वेन्सी सरकते. अण्णा एका हातात सांडशी धरून दुसऱ्या हातानं बटण फिरवत तिच्या मागं जायचे. उन्हाळ्यात पत्रे तापले की सर्किटच भरकटायचं, मग अण्णा मशीनच्या डब्यावर ओलं फडकं टाकायचे आणि मी ओरडायचो.

शेवटी मी मोठ्या ऐटीत एक चिप बसवून दिली. फ्रिक्वेन्सी आता ठरावीक टप्प्यांनी आपोआप बदलणार, हात लावायचं काम नाही. आठवड्यानं अण्णांनी तापवून, पाणी देऊन कडक केलेली पाती माझ्यासमोर मांडली. काही मऊ, काही तडकलेली.

"सर, तुमचं यंत्र पायऱ्या चढतंय. मला लागती ती दोन पायऱ्यांच्या मधी हाय."

"एवढ्याशा फरकानं काय होतंय, अण्णा?"

"तुमाला न्हाय व्हत. रानात बाईच्या हातात खुरपं वाकतंय की."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. बारीक पायऱ्यांचा बोर्ड करून देतो म्हणालो आणि परीक्षा, लग्नकार्यं यांत वर्ष घालवलं. अण्णांनी जुनं बटण पुन्हा जोडलं. एकदाही टोचून बोलले नाहीत... बोलले असते तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर बोर्ड घेऊन गेलो. शेड आता कमलच सांभाळते. पातं लाल होत गेलं, तशी फ्रिक्वेन्सी कुठंही न अडखळता सरकत गेली. पाणी दिल्यावर कमलनं पात्यावर कानस ओढली. कानस नुसती घसरली, इतकं पातं कडक झालं होतं. "अण्णांना पायजे व्हतं तसंच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. जुनं बटण डब्यावर तसंच आहे, कशालाही न जोडलेलं. पातं वेटोळ्यात गेलं की कमलचा डावा हात त्या बटणावर जातो.

"आता ते लागत नाही," मी म्हणालो.

"ठावं हाय, सर," ती म्हणाली. हात काही तिनं काढला नाही.