दुसऱ्या ब्रेकमध्ये मी काय म्हणाले

"गोलात उभी राहशील का?" असं मला विचारलं गेलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "का?"

विचारणारी आमच्या आइस हॉकी संघाची कॅप्टन होती. माझ्याच वर्गातली, उंच, मोठ्या आवाजाची डच मुलगी. पुण्याहून ब्रेडा या डच शहरात लॉजिस्टिक्सचं मास्टर्स करायला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. तिच्या आग्रहाखातर एका शनिवारी स्केटिंगच्या बर्फाच्या हॉलमध्ये गेले होते. लहानपणी पिंपरीत महापालिकेच्या रिंकवर चाकांचे स्केट्स घालून खूप फिरले होते, त्यामुळे बर्फावर सारखी पडले तरी भीती अशी वाटली नाही.

"का म्हणजे?" ती म्हणाली. "तू पडतेस आणि हसत उठतेस. गोलीला तेवढंच लागतं." गोलकीपरला तिथे गोली म्हणतात.

मला ते पटलं नाही. इथल्या दक्षिण भागातल्या दोन-तीन शहरांतल्या कॉलेजांची मुलंमुली मिळून तो संघ झालेला. सगळी पाच-सहा वर्षांची असल्यापासून बर्फावर वाढलेली. त्यांच्याकडे गोलकीपर आधीच होता. मग ही माझ्यामागे का लागली असेल?

उत्तर लवकरच मिळालं, असं मला वाटलं. एक फोटोग्राफर आला. त्याने सगळ्यांना मागे उभं केलं, मला पुढे बसवलं आणि मास्क वर करायला सांगितलं, म्हणजे चेहरा दिसेल. ते पोस्टर कॉलेजच्या कँटीनमध्ये लागलं. तोवर मी एकाही मॅचमध्ये एकही पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती टणक रबरी चकती, अडवलेला नव्हता.

हा संशय मी इथे येऊन शिकले नव्हते. पुण्यात इंजिनीअरिंगला होते तेव्हा आडनाव कळलं की समोरच्याचा आवाज किंचित बदलायचा. "तुझं काय, तुला मिळणारच होतं," असं एक मैत्रीण डबा खाता खाता सहज बोलून गेली होती. मार्क किती पडले हे तिने कधी विचारलंच नाही. वाटलं होतं, ते सगळं विमानतळावर सुटलं. पण रॉटरडॅमला मराठी मंडळींच्या पहिल्याच जेवणात एका काकूंनी हातात वाटी देत विचारलं, "पूर्ण नाव काय गं?" आणि इकडे हे पोस्टर. त्या काकूंना काय हवंय ते मला कळत होतं. या गोऱ्या पोरांना माझ्याकडून काय हवंय ते कळत नव्हतं.

तरी मी उभी राहिले. कारण खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. पायाला उशांसारखे पॅड, एका हातात ब्लॉकर नावाची जाड फळी, दुसऱ्यात तव्याएवढा ग्लव्ह. समोरचा खेळाडू डोळ्यांनी एक दाखवतो आणि मनगटाने दुसरंच करतो. त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, खांद्यावर नाही, काठीवर तर नाहीच. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मानेवर एक पक बसला आणि निळा डाग उठला. व्हिडिओ कॉलवर आईला तो दिसला.

"खरं सांग," ती हळू आवाजात म्हणाली, "कोणी हात उचलला का तुझ्यावर?"

मी सगळा सरंजाम अंगावर चढवून तिला दाखवला. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

"म्हणजे ते मुद्दाम तुझ्या अंगावर मारतात?"

"गोलात मारतात. मी मध्ये असते."

"आणि बाकीचे सगळे पळतात. मग तुला एकटीलाच का उभं केलंय?"

मी हातातली फळी काढून ठेवली. "जय भीम, जपून राहा," म्हणून तिने फोन ठेवला.

संघातला दुसरा गोलकीपर उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला होता. कमी बोलणारा, थंडीत कान लालबुंद होणारा मुलगा. त्याने मला सगळं शिकवलं: गुडघे कसे टाकायचे, पडल्यावर काठी कुठे ठेवायची. तो माझे स्केट्स धार लावून आणायचा, पाठीमागचे पट्टे बांधून द्यायचा. दुसऱ्या हिवाळ्यात कोचने त्याला बेंचवर बसवून मला खेळवायला सुरुवात केली, तरी त्याच्या वागण्यात फरक पडला नाही. याचाच मला त्रास व्हायचा. ज्याची जागा गेली तो इतका चांगला कसा वागू शकतो? त्याची पाठ वळली की मी पट्टे सोडून पुन्हा बांधायचे. धारेवरून अंगठा फिरवून बघायचे. कधीच काही सापडलं नाही. न सापडण्याने माझं समाधान व्हायचं असं नाही.

आणि कोचने मला का निवडलं, हेही कळत नव्हतं. तो निवृत्त गृहस्थ होता, तरुणपणी स्वतः खेळलेला, तोंडात सतत लिकोरिसची, म्हणजे ज्येष्ठमधाची, काळी गोळी. तो स्तुती करत नसे. मी धरून चालले होते की त्याला कुणीतरी सांगितलं असणार, पोस्टरवरची मुलगी बेंचवर बरी दिसत नाही.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या गावात आमची एक मॅच होती. शनिवारची दुपार. जिंकलो तर विद्यार्थ्यांच्या मोठ्या स्पर्धेत जाणार होतो. आइस हॉकीत तीन पिरियड असतात, मध्ये दोन ब्रेक. दुसरा पिरियड संपत आला असताना एक फटका सरळ माझ्या मास्कवर, कपाळाच्या जागी आला. स्टीलचा डबा फरशीवर पडावा तसा आवाज मला आठवतो.

त्यानंतर आठवते ती परतीची बस. कॅप्टन माझा खांदा हलवत होती. "आपण जिंकलो! तिसऱ्या पिरियडमध्ये तू भिंत होतीस भिंत!"

"कुठला तिसरा पिरियड?" मी विचारलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. थोड्या वेळाने मी बसमध्येच ओकले, तेव्हा हसणं थांबलं.

सोमवारी मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या आमच्या भागातल्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. मेंदूला मार बसला होता. स्क्रीन बंद, वाचन बंद, पडदे लावून पडून राहायचं. जाताना त्यांनी विचारलं, "लागल्यावर तू खेळत का राहिलीस?"

मला माहीत नव्हतं. मी कॅप्टनला विचारलं. ती म्हणाली, "तू ठीक आहेस असं तूच म्हणालीस." कोचला फोन केला. तो म्हणाला, "मी कडेवरून विचारलं, तू अंगठा वर केलास." आणखी एक जण म्हणाला, कोचने ब्रेकमध्ये कपडे बदलायच्या खोलीत येऊन विचारलं आणि मी मान हलवली.

अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या मी हे तिन्ही जबाब एकमेकांवर घासून पाहत होते. गोलीच्या हातात तो तवा आणि ती फळी असताना अंगठा दिसतच नाही. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा कॅप्टनही अंगठ्याबद्दल बोलू लागली. तिसराही. सगळ्यांची आठवण एकदम नीटनेटकी झाली होती. कॅप्टन भेटायला आली की फोन पालथा ठेवायची, जणू त्यांचे आपसातले मेसेज मला दिसू नयेत. माझ्या आयुष्याचा तो तुकडा या लोकांकडे होता आणि ते मला सांगतील तेवढाच तो माझा होता.

सगळ्यात जास्त संशय मला त्या फ्रीसलंडच्या मुलाचा होता. तो पूर्ण तयारीनिशी बेंचवर बसलेला असताना त्याला का उतरवलं नाही? तो स्वतःच नको म्हणाला असेल? की मी पुरती मोडावी म्हणून गप्प बसला? पुढच्या मॅचपासून गोलात तोच उभा होता. एकदा तो सूप घेऊन दाराशी आला. मी झोपेचं निमित्त केलं आणि दार उघडलं नाही.

वसंतात मला थोडं बाहेर पडता येऊ लागलं. एका सकाळी स्टेशनच्या सायकल पार्किंगमध्ये तो समोर आला. टाळायला जागा नव्हती. हवापाण्याचं बोलून झालं आणि तो अडखळत म्हणाला, "एक विचारू? ती प्रार्थना तू आता म्हणत नाहीस का?"

"कसली प्रार्थना?"

मॅचच्या आधी मी घरी शिकवलेलं त्रिशरण पुटपुटायचे, ते त्याला माहीत होतं. पण त्याने मान हलवली. "ती नाही. दुसरी. त्या दिवशी ब्रेकमध्ये म्हणत होतीस. सारखी सारखी तेच. ते माझ्या कानातून जातच नाही."

"म्हणून दाखव."

तो लाजला. मग खाली बघत, एकेक तुकडा जपून उचलावा तसा म्हणाला, "मा-ला... बर-ना-हिये. माला बर-ना-हिये."

मी सायकलचं हँडल घट्ट धरलं.

मला बरं नाहीये.

आजूबाजूला लोक कुलपं लावत होते, काढत होते. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. माझ्या मनाने इथेही वाट शोधली: हा बनवत तर नसेल? पण बनवायला मराठी यावी लागते, आणि त्याला मराठीतला 'म'ही येत नव्हता. ते शब्द त्याच्याकडे फक्त माझ्याच तोंडून जाऊ शकत होते.

"याचा अर्थ काय?" त्याने विचारलं.

मी सांगितला. त्याचा चेहरा उतरला. त्याने पाठीवरची सॅक काढून खाली ठेवली, जणू आता कुठे जायचं हे तो विसरला होता.

"मी कोचला म्हटलं होतं, ती काहीतरी सांगतेय," तो म्हणाला. "तो म्हणाला, गोली सगळेच पुटपुटतात. मग मलाही वाटलं, प्रार्थना असेल."

"आणि अंगठा?"

"कुठला अंगठा? कोच तुझ्याजवळ आलाच नाही. त्याने कॅप्टनला विचारलं, ती ठीक आहे ना? ती हो म्हणाली. मी मास्क घालून तयार उभा होतो."

"मग तुला का नाही उतरवलं?"

"कारण तू माझ्यापेक्षा चांगली आहेस. कोचने मला मागच्याच वर्षी सांगितलं होतं, पहिल्या सरावांनंतर. पुढच्या हिवाळ्यात तीच खेळेल म्हणाला. तुला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. पोस्टरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. माझ्या खेळावर मला निवडलं होतं, आणि त्या दुपारी मला बाहेर काढलं नाही तेही त्याच खेळासाठी. आयुष्यभर जे कुणीतरी सांगावं असं वाटत होतं ते सायकल पार्किंगमध्ये ऐकायला मिळालं, आणि मला आनंद होईना. मी बसून रडले. तो शेजारी येऊन बसला. मला त्याचं तेव्हा बरं वाटलं.

हंगाम संपल्यावर क्लबची बैठक झाली, तिथे मी बोलले. ते मराठी शब्द आधी तसेच म्हटले, मग अर्थ सांगितला. फ्रीसलंडचा मुलगा उठून म्हणाला, "मी ऐकलंय."

"ते कुणाला कळणार होतं?" कोच म्हणाला.

"जवळ येऊन विचारलं असतं तर कळलं असतं," मी म्हणाले. "निदान मी डच नाही, इंग्रजी नाही, काहीतरी भलतंच बोलतेय एवढं तरी कळलं असतं."

कॅप्टन मान खाली घालून बसली होती. नंतर दाराशी तिने मला गाठलं. "मला जिंकायचं होतं," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही." अंगठ्याची गोष्ट सुरू झाल्यापासून त्या दुपारबद्दलचं तिचं हे पहिलं वाक्य होतं ज्यात अंगठा नव्हता. मी त्यावर विश्वास ठेवला, पण आमची मैत्री काही परत आली नाही.

पुढच्या हंगामात कोच आला नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं गेलं. खरं काय ते मी विचारलं नाही. डोक्याला मार लागला की खेळाडू बाहेर, आणि ते ठरवणार कोच सोडून दुसरं माणूस, असा नियम क्लबने केला.

शरद ऋतूत मी एकदा पॅड चढवून उभी राहून पाहिलं. फ्रीसलंडचा मुलगा लांबून हलके फटके मारत होता. प्रत्येक फटक्याला माझे डोळे आपोआप मिटत होते. त्याने आणखी हलके मारले, तरी मिटले. मी काठी खाली ठेवली. त्याने समजावलं नाही, येऊन पाठीमागचे पट्टे सोडून दिले. असं माझं गोलकीपर असणं संपलं.

आता मी रॉटरडॅमला नोकरी करते. दिवसभर स्क्रीनसमोर बसलं की संध्याकाळी कपाळ ठणकतं. कधीतरी शनिवारी त्या संघाची मॅच बघायला जाते, पण पक कुठे आहे हे मी बघत नाही. मी बेंचकडे बघते.

मागच्या हिवाळ्यात एका नव्या मुलीला कडेच्या फळीवर जोरात आपटताना पाहिलं. ती उठली, हसली आणि पुन्हा खेळायला निघाली. नव्या कोचबाई बर्फावर उतरल्या, वाकून तिच्याशी बराच वेळ बोलल्या आणि तिला बाहेर घेऊन आल्या. मुलगी चिडली होती. संघ हरला. सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं होतं. तरी माझं मन मानेना. मॅच संपली, प्रेक्षक गेले, बर्फ सारखा करणारं यंत्र फेऱ्या मारायला लागलं, आणि ती मुलगी कोणाबरोबर घरी जाते हे बघेपर्यंत मी हॉलमधून हलले नाही.