सांगून हात लावणारी

न बोलता काम करणारी माणसं जगात थोडी असतात आणि काम न करता बोलणारी गल्लोगल्ली सापडतात. पण हातातलं प्रत्येक काम करण्याआधी ते समोरच्याला सांगणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी मावसबहीण. ती चहा करायला लागली की स्वयंपाकघरात रेडिओ लावल्यासारखं वाटतं. आता मी आलं ठेचते, आता साखर घालते, आता गाळते. कप हातात देताना, "दादा, कप गरम आहे, कानाला धर." घरात शिरलेल्या मांजरालासुद्धा ती आधी "आता मी तुला हाकलणार आहे" अशी रीतसर सूचना देते. मांजर त्या सूचनेला सरकारी नोटिशीइतकीच किंमत देतं आणि जागचं हलत नाही.

गंमत म्हणजे ही मुलगी मूळची मुलखाची अबोल. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, भातसा धरणावर नोकरीला, त्यामुळे तिचं लहानपण भातसानगरच्या कॉलनीत गेलं आणि तिथल्या बायकांना बरीच वर्षं वाटत होतं की या पोरीला वाचाच नाही. दहावीनंतर ती नर्सिंगला गेली तेव्हा मी शहापूरला नवा नवा मास्तर झालो होतो आणि दर रविवारी मावशीकडे जेवायचा माझा शिरस्ता होता. लेखी परीक्षेत तिने उत्तम मार्क मिळवले. प्रात्यक्षिकाला तिच्या वाट्याला वॉर्डातला एक म्हातारा पेशंट आला. त्याच्या जखमेची पट्टी तिने अशी बदलली की त्याला जाणवलंसुद्धा नसेल. चिमटा कुठे धरायचा, मळका कापूस कुठे टाकायचा, एक चूक नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडातून शब्द नाही. परीक्षक बाईंनी विचारलं, काय करते आहेस ते पेशंटला सांगितलंस का? त्यावर आमची बहीण अगदी निरागसपणे म्हणाली, "सांगायचं काय बाई, त्यांना दिसतंय की." बाईंनी तिला नापास केलं.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. काकांनी लगेच स्थळं बघायची भाषा सुरू केली. हिने मात्र दोन दिवस रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून घरातल्या यच्चयावत जीवांवर बोलण्याचा सराव सुरू केला. पाळीवरून येऊन झोपलेल्या काकांना "घाबरू नका, मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते" असं सांगून ती खालची चादर बदलायची. काका घाबरायचेच. माझ्या धडधाकट हाताला इतक्या वेळा पट्टी बांधली गेली की एका रविवारी मी तसाच शहापूरच्या बाजारात गेलो आणि आमच्या हेडमास्तरांनी ते पाहून सहानुभूतीने माझे सोमवारचे दोन तास दुसऱ्याला दिले. कहर झाला तो गटारीला. काकांनी घरचा कोंबडा कापायला धरला आणि ही त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "मोठा श्वास घ्या. आता थोडं दुखेल." काकांनी सुरी खाली ठेवली. त्या गटारीला आम्ही सुकट आणि भाकरी खाल्ली आणि तो कोंबडा पुढे म्हातारपणाने मेला.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पेशंटशी इतकं बोलली, की शेवटी परीक्षक बाईंनाच बास म्हणावं लागलं असं ती सांगते, आणि यात मला तिळमात्र शंका नाही. पण अंगात भरलेलं हे वारं परीक्षा संपल्यावर उतरलं नाही. तेवढ्यात मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिची तात्पुरती नेमणूक झाली, आणि तिथे या बोलण्याने घात केला.

त्या गावाला सुईची सवय होती ती बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवरून येणाऱ्या एका डॉक्टरची. हा गृहस्थ भात कसं आलंय अशी चौकशी करता करता सुई टोचून मोकळा व्हायचा. पोराला रडावं हे कळेपर्यंत स्वारी पुढच्या घरी. आणि आमची बहीण पोराच्या डोळ्यांत बघून सांगणार, "बाळा, आता मी सुई टोचणार आहे. थोडं दुखेल." ते वाक्य पुरं होईपर्यंत बाळ दोन बांध ओलांडून गेलेलं असायचं. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात आया आणि शेतात पोरं, असा देखावा. बायका कळवळून म्हणायच्या, "नर्सबाय, सांगू नको गो, टोच." गरोदर बायका तर फिरकतच नव्हत्या. आधी भीती घालते ती बाई बाळंतपण काय करणार, असं गावाचं मत पडलं. शेवटी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, की काम दिसलं नाही तर नेमणूक पुढे चालू ठेवायची शिफारस मी करू शकणार नाही. इकडे काकांनी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं, आणि त्या मंडळींना नोकरी करणारी सून नको होती. नोकरी गेली की अक्षता पडणार, हे तिला कळत होतं.

मी मावशीने दिलेला डबा घेऊन तिला भेटायला गेलो तेव्हा ती उपकेंद्राच्या पायरीवर बसली होती. मी म्हटलं, अगं, मग गप्प राहून टोच ना. म्हणाली, करून बघितलं, पण सुई परत ठेवून दिली. "दादा, न सांगता कुणाच्या अंगाला हात लावणं मला आता चोरी केल्यासारखं वाटतं." मी डबा उघडला.

आम्ही जेवत असतानाच एक माणूस बोलवायला आला. त्याची आई म्हणजे गावची जुनी सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पण तिचे दोन्ही डोळे गेले होते आणि आता टाचेत काटा मोडून पाय चिघळला होता. जवळ येईल त्याला ती काठीने झोडपत होती. मोटारसायकलवाल्या डॉक्टरनेही एक फटका खाल्ला होता. आम्ही गेलो तेव्हा म्हातारी ओटीवर काठी उगारून बसली होती आणि बघायला सगळं गाव लोटलं होतं. मी आपला सुरक्षित अंतरावर खांबाआड उभा राहिलो.

"आजी, मी नर्स. आता मी तुमच्या उजव्या पायाजवळ बसते," आमची बहीण म्हणाली आणि बसली. "आता पायाखाली हात घालते. हात गार आहे. आता कोमट पाणी सोडते." काठी वरच होती, पण खाली येत नव्हती. "आता काटा काढते. थोडं दुखेल." दुखलंच, म्हातारीने ओठ आवळून धरले. पट्टी बांधून झाली तेव्हा काठी शेजारी टेकवलेली होती. म्हातारीने चाचपून हिचा हात धरला आणि लेकाला म्हणाली, "डोळे गेले तसा जो तो मना न सांगता धरतो. कोन उठवतो, कोन बसवतो, मी दचकतंय. ही पोर सांगून हात लावते रे. सुनेला हिच्याकडंच न्यायची."

सुईणीचा शब्द म्हणजे गावाला कायदा. तिची गरोदर सून आली, मग सुनेच्या मैत्रिणी आल्या, आणि पाय बरा झाल्यावर म्हातारी स्वतःच रोज उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसू लागली. आत बाळंतपण चाललं की बाहेरून तिचा आवाज, "आता काय करतंस, सांग गो." आणि ही आतून सांगायची. अडलेल्या पोरीला त्या दोघींच्या बोलण्याचाच मोठा आधार वाटायचा. लसीला पोरं पळायची ती पळायचीच, पण आता आया त्यांना धरून आणायच्या. नेमणूक चालू राहिली, पुढे कायम झाली. ठरत आलेलं स्थळ मोडलं. नंतर बघायला आलेल्या एका मुलापुढे हिने "मी आता पोहे ठेवते, वाफ आहे, मागे सरका" म्हणून बशी ठेवली. तो मुकाट्याने मागे सरकला, आणि आज तो माझा मेहुणा आहे.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. त्या पायाचं दुखणं मधूनमधून उलटायचं आणि पट्टी हिच्याच हातची लागायची. ती गेली तेव्हा ही रजा घेऊन भातसानगरला आलेली होती. सकाळी निरोप आला आणि मी तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. वाटभर ती एक अक्षर बोलली नाही. अंगणात पुरुष मंडळी बांबू बांधत होती. आत बायकांनी म्हातारीच्या आंघोळीची तयारी केली होती आणि त्या हिच्यासाठीच थांबल्या होत्या.

मी दाराबाहेर उभा होतो. थोड्या वेळाने आतून तिचा नेहमीचा, परीक्षेतला आवाज आला. "आजी, मी आले. आता मी तुमचा हात धुते. पाणी कोमट आहे." बांबू बांधणारे हात थांबले. कुणी हसलं नाही. "आता पाय उचलते. आता पट्टी सोडते," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "आता दुखणार नाही."