दार कुणी अडवलं?

आमच्या घानाच्या राजधानीतली, आक्र्यातली संसद माझ्या डोळ्यांदेखत तीनदा बंद पडली आणि तीनदा उघडली. बंद करायला दर वेळी नवा जनरल यायचा आणि देश वाचवतोय म्हणून रेडिओवर सांगायचा. उघडायला मात्र जुनेच लोक यायचे. मला या सगळ्याची शिसारी येते. संसदेच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासायचे आणि एकुआ ताविया रांधायची, म्हणून ही माणसं मला फार जवळून दिसली.

एकुआमावशी जुळ्यांच्या पाठीवरची, म्हणून ताविया. जुळ्यांतला थोरला लहानपणीच गेला. धाकटा काकरा सभागृहाच्या दारावर शिपाई होता, त्यानंच तिला इथं कामाला लावलं. वर एकमेकांची आईबहीण काढून आलेले खासदार खाली येऊन तिच्या सुपाच्या एकाच वाडग्यात बोटं बुडवायचे.

"वर बोंबलतात, खाली मिटक्या मारतात. मेले!" मावशी म्हणायची.

दुसऱ्यांदा सैनिक आले तेव्हा बैठक चालू होती. काकरानं दार बाहेरून ओढून घेतलं आणि त्यापुढं उभा राहिला. "आत कामकाज चालू आहे. अध्यक्षांची परवानगी लागेल," तो म्हणाला. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे दात पाडून त्याला फरफटत नेलं. तेवढ्या वेळात खासदार मागच्या जिन्यानं आमच्या स्वयंपाकघरात उतरले आणि खिडकीतून पळाले. माननीय दोन्कोर अंगानं आडवे, ते खिडकीत अडकले. मावशीनं ढकलून त्यांना बाहेर काढलं.

"एकुआ, जन्मभर विसरणार नाही गं," ते रडत म्हणाले.

महिना झाला नाही तोच दोन्कोर जनरलच्या सरकारात! सभागृहात तांदळाची पोती रचली गेली, आमची चूल मात्र अधिकाऱ्यांसाठी पेटतीच राहिली. काकरा किल्ल्यातल्या तुरुंगात होता. ना खटला, ना सुनावणी. दोन्कोरांच्या एका शब्दानं तो सुटला असता. मावशी त्यांच्या बंगल्यावर गेली.

"कोण काकरा?"

"दारावरचा. माझा भाऊ. तो उभा राहिला म्हणून तुम्ही पळू शकलात, साहेब."

"हळू बोल! पळालो काय म्हणतेस? बघतो मी. जरा वातावरण निवळू दे."

ते निवळेचना. मावशी खेपा घालत राहिली, कधी अंडी, कधी रताळी घेऊन. निर्लज्ज माणूस ते सगळं ठेवून घ्यायचा. पुढं काकराच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. त्या दिवशी मावशी पाय धरायला गेली, तर नोकरानं फाटकातूनच "साहेब झोपलेत" म्हणून वाटेला लावलं. भर दुपारी! काकरा तुरुंगातच गेला.

पुढच्या वर्षी जनरल पडला, निवडणुका झाल्या आणि दोन्कोर निवडून आले. पहिल्याच दिवशी खांद्यावर केंटेचं रंगीत, मानाचं वस्त्र टाकून त्यांनी भाषण ठोकलं. स्वयंपाकघरातल्या कर्ण्यावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सैनिक आले तेव्हा हे दार मी अडवलं होतं! मी, या हातांनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी फुफूसाठी उकडलेला कसावा कांडत होती. तिचं मुसळ जागच्या जागी थांबलं.

जेवायच्या सुट्टीत स्वारी खाली आली. "एकुआ! तुझ्या सुपावाचून जीव जायची वेळ आली होती बघ."

मावशीनं वाडगा भरला आणि डाव्या हातानं त्यांच्यापुढं धरला. उजवा हात तिनं पाठीमागं नेला. आमच्याकडं डाव्या हातानं कुणी भिकाऱ्यालाही देत नाही. त्यावरून सोयरिकी मोडतात, डोकी फुटतात. सगळ्या बाकांवरची माणसं हातातला घास तसाच धरून बघत राहिली.

"काकरानं दिलंय," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

हा माणूस वाडगा भिरकावेल, तिला कामावरून काढेल, निदान ओरडेल तरी, असं मला वाटलं. दोन्कोरांनी आधी तिच्या हाताकडं पाहिलं, मग वाडग्यात पाहिलं.

"खेकडा नाही घातलास होय?" म्हणाले, आणि वाडगा घेऊन जेवायला बसले.