आधी ते आणा, मग हे टाका

कॉम्प्युटरवर लिनक्स असेल आणि त्यात एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, टाकायला घ्या, ते म्हणतं, आधी अमुक आणा. अमुक आणलं की ते विचारतं, तमुक कुठंय? याला डिपेंडन्सी म्हणतात. माझ्या किश्श्यांचंही तेच झालंय. एक सांगायला बसलो की त्याच्या आधीचा सांगावा लागतो, आणि चहा गार होतो. म्हणून तळापासूनच घेतो.

पुण्यातला डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. नापास झालो म्हणून नाही, शिकवणाऱ्यांनाच येत नव्हतं म्हणून! दोन हजार तीन साल असेल. नारायणगावच्या अलीकडं आमचं गाव. गावच्या शाळेत बारा कॉम्प्युटर धूळ खात पडलेले. संस्थेचे चेअरमन आण्णा म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत बाराही चालू कर. शाळा उघडली की लॅब तुझी."

घरी दादांनी, म्हणजे वडिलांनी, वेगळाच निकाल दिला. "एक जरी बंद राह्यलं, तर गुमान पुण्याला. कॉलेजात." आणि माझी बॅग भरून दाराशी ठेवली!

*

पहिल्याच दिवशी लिनक्स टाकायला घेतलं आणि स्क्रीनवर आलं, 'फेल्ड डिपेंडन्सीज'. हेडमास्तर मागं उभे. त्यांनी चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचलं.

"फेल्ड! अरे, हे तर तुझंच प्रगतिपुस्तक!"

"सर, पुढचं पण वाचा. दुसऱ्याच्या भरवशावर राहिलं म्हणून फेल, असं लिहिलंय."

"मग आता?"

"मग तुम्ही स्टाफरूममध्ये बसा."

*

धड चालणारं नेट मंचरला. एक फाईल हवी होती, ती एका फ्लॉपीत मावेना. कॅफेत बसून तिचे पाच तुकडे केले, पाच फ्लॉप्या भरल्या, पिशवीत घातल्या आणि वडापच्या जीपमध्ये बसलो. शेजारी वारूळवाडीचे एक बाबा, त्यांच्या पायाशी भलामोठा लाऊडस्पीकर.

"पिशवी मांडीवर घिऊन कशाला अवघडतो पावणं? ठिव की ह्याच्यावर!" म्हणत बाबांनी पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली आणि स्पीकरवर ठेवली. मी झोपेत होतो, 'बरं' म्हणालो.

स्पीकरच्या पोटात हा एवढा लोहचुंबक असतो. फ्लॉपीला चुंबक म्हणजे विष. शाळेत आलो तर पाचच्या पाच कोऱ्या! आमच्याकडची म्हातारी माणसं वाईट नसतात, फक्त विचारल्याशिवाय मदत करतात.

दुसऱ्या दिवशी परत मंचर, परत पाच फ्लॉप्या, परत जीप. आत तेच बाबा, तोच स्पीकर!

"या पावणं, बसा हितं!"

"नको बाबा, मी टपावर बसतो!"

*

एका पॅकेजला नव्या व्हर्जनची फाईल हवी होती, आमच्याकडं जुनी. हेडमास्तर म्हणाले, "जुन्यालाच नव्याचं नाव दे."

"असं नसतं सर."

"का नसतं? आपल्या शाळेचं नाव तीनदा बदललं. भिंती त्याच, मास्तर तेच. चालतीय ना?"

दिलं नाव. आणि प्रोग्रॅम चक्क उघडला! सरांनी शिपायापासून सगळ्यांना बोलावून दाखवला. मी प्रिंटचं बटण दाबलं आणि प्रोग्रॅम धाडकन पडला.

"आता काय झालं?"

"काही नाही सर. शाळेसारखंच. रोज चालते, निकालाच्या दिवशी पडते."

*

सुट्टी संपायला तीन दिवस उरले आणि बाराही मशीन चालू झाली. तेवढ्यात आण्णा पाहणीला आले. बाराव्या मशीनसमोर बसून म्हणाले, "ह्यात काय काय भरलंय ते दाखव." मी यादी काढली, चारशे नावं!

"एवढी भरती कोणी केली? जे स्क्रीनवर दिसत न्हाई ते काढून टाक. फुकट जागा अडवून बसलेत."

"आण्णा, हे जीलिबसी बघा. दिसत नाही, पण बाकी सगळे ह्याच्या जिवावर चालतात."

"दिसत न्हाई ना? मग काढ! चेअरमन तू का मी?"

माझं डोकं सटकलं. मशीन ओरडत होतं, हे काढलं तर बाकीचे बंद पडतील. मी 'जबरदस्तीनं काढ' म्हणून कमांड दिली. काढलं. त्यानंतर कुठलीही कमांड द्या, काहीच चालेना.

आण्णांचा चेहरा पडला. "बरं बरं, निदान बंद तरी कर आता."

"आण्णा, बंद करणारासुद्धा त्याच्याच जिवावर होता."

*

मग बारावं मशीन पहिल्यापासून. मूळ सीडी घासून गेलेली, म्हणून दुसऱ्या सीडीवरून एकेक पॅकेज हातानं टाकत बसलो. रविवारी दुपारी दोनच पॅकेजं उरली. सोमवारी शाळा. आणि दारात दादा, खांद्याला माझी बॅग! "साडेचारची पुणे गाडी हाय. झालं का न्हाई?"

"नाही."

"काय अडलंय?"

फळ्यावर दोन नावं लिहिली होती, त्यांच्याकडं बोट केलं. "हे म्हणतं, आधी ते टाका. ते म्हणतं, आधी हे टाका. दीड दिवस झाला."

दादा तंबाखू मळत फळ्याकडं बघत राहिले. "दोघंबी एकमेकालाच मागत्यात?"

"हो."

"मग साटंलोटं हाय की हे! तुझी आई आपल्यात आली, न् तुझी आत्या तुझ्या मामाला दिली. आधी कुणाचं लगीन लावायचं ह्याच्यावरनं दोन्हीकडची म्हातारी अडून बसली. म्हणं, आमची पोर घिऊन तुमी पलटला म्हंजे?"

"मग?"

"मग काय, एकाच मांडवात दोन्ही लावली. एकाच टायमाला अक्षता. पलटायला जागाच न्हाई."

"दादा, हे मशीन आहे."

"मग मशीनला इचार. मला काय सांगतो?"

मी दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिली आणि एंटर मारलं. कुरकुर नाही, मागणी नाही. दोन्ही एकदम बसली. बारावं मशीन चालू!

दादांनी स्क्रीनकडं एकदा बघितलं. बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"साडेचारची गाडी गेली आसंल," ते म्हणाले. "चल घरी."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.