कपाटातली सात रिळं

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावातली ती चोरी मला अजून बारीकसारीक तपशिलांसह आठवते. मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळच्या ब्रीफिंगनंतर टेबलावर कागद आला : एका वयस्कर बाईंच्या फ्लॅटमधून जुन्या टेपची सात रिळं गेली, बाकी काही नाही. सहकारी हसले. अशा तक्रारीला सहसा फोनवरच तक्रारीचा नोंदणी नंबर देऊन मोकळे होतात. पण बाई फोनवर रडल्या होत्या, म्हणून मी गेलो.

बाई मूळच्या झांबियाच्या. इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. त्यांचा नवरा तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. देशाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. रेडिओवर आपल्याच लोकांचं संगीत वाजलं पाहिजे, असा सरकारचा हुकूम निघाला होता. खाणीच्या गावांतल्या पोरांनी मग विलायती रॉक आणि घरचे ढोलांचे ठेके एकत्र करून तिसरंच काहीतरी उभं केलं.

"गिटारचा आवाज असा फाटका, गुरगुरणारा, की शेजारी विचारायचे, अँप्लिफायर बिघडलाय का?" बाई म्हणाल्या. "हा सांगायचा, नाही हो, मुद्दाम बिघडवलाय."

बँडमध्ये पाच जण होते. काही वर्षांच्या अंतरानं पाचही गेले.

"कशानं?" मी विचारलं.

"आजारानं," एवढंच बोलून त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला आल्या. सोबत ही रिळं. बँडची गाणी कधी बाजारात आलीच नव्हती. जे होतं ते या रिळांवर. बाईंनी ती एकदाही वाजवली नव्हती.

मी पाहणी केली. कुलूप शाबूत, खिडक्या बंद. कपाटाच्या त्याच कप्प्यात सोन्याची कर्णफुलं तशीच पडली होती. आणि नेणाऱ्यानं जाताना दाराला किल्ली लावली होती. चोर एवढी काळजी घेत नाही.

"किल्ली आणखी कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही."

मी ते तसंच नोंदवहीत लिहून घेतलं. तिथे माझी चूक झाली.

संशय गेला तो लंडनच्या एका रेकॉर्ड-डीलरवर. या संगीताला आता जगभर शौकीन मिळाले होते, आणि हा माणूस रिळं मागायला बाईंकडे तीनदा येऊन गेला होता. 'बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल' अशी रीतसर ताकीद देऊन मी त्याचा जबाब घेतला. तो अजिबात घाबरला नाही. "मला ती रिळं हवी आहेत, नाकारत नाही. पण बाईंची सही नसेल तर मी त्यांची रेकॉर्ड काढू शकत नाही. चोरून काय करू?" मला ते पटलं.

आठवड्यानं त्याचाच फोन आला. "ग्लासगोच्या एका साउंड इंजिनिअरनं मला विचारलंय, हा कुठला बँड? सात डबे आहेत, गाण्यांची नावं हिरव्या शाईत."

हिरवी शाई बाईंनी जबाबात सांगितली होती. मी ग्लासगोला फोन लावला. इंजिनिअर सरळ माणूस निघाला. रिळं कुरिअरनं आली होती आणि पाठवणारीचं आडनाव बाईंचंच होतं. "टेप चिकट झाल्यात," तो म्हणाला. "मंद उष्णतेवर तासन्‌तास भाजाव्या लागतील. मग एखाद्या वेळेस वाजतील. जप्त करून गोदामात ठेवणार असाल तर ठेवा, पण आणखी वर्षभर त्या टिकणार नाहीत."

मुलगी आईपासून दहा मिनिटांवर राहायची. वय चाळिशीच्या आसपास, एका आयटी कंपनीत नोकरी. सॉलिसिटर न घेता ती स्टेशनवर आली आणि मी प्रश्न विचारण्याआधीच म्हणाली, "मीच नेली."

"आईला विचारायचं होतं."

"वीस वर्षं विचारतेय. ती म्हणते, नंतर. रिळांतून काळी पूड गळायला लागली होती. मी चार वर्षांची असताना डॅड गेला. फोटो आहे, आवाज नाही. एकदा ऐकून परत ठेवणार होते."

"त्यांना कळणार नाही असं वाटलं?"

"ती तो कप्पा उघडते, हेच मला माहीत नव्हतं."

बाई दर रविवारी तो कप्पा उघडत होत्या.

कायमचं घेण्याचा हेतू नसेल तर इथल्या कायद्यानं ती चोरी ठरत नाही. पण फाइल बंद करण्याआधी तक्रारदाराला सांगावं लागतं. मी बाईंकडे गेलो. त्या आधी भडकल्याच.

"माझ्या मुलीला चोर म्हणता?"

"किल्ली कोणाकडेच नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"ती 'कोणी' थोडीच आहे?"

मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "तिनं शेवटचं रीळ ऐकलं का?"

शेवटचं रीळ घरी केलेलं होतं, नवरा अंथरुणाला खिळल्यावर. त्याला एड्स झाला होता. "तेव्हा नाव घेतलं तरी लोक आमचा कप वेगळा ठेवायचे. मी हिला सांगितलंय, तो खाणीतल्या अपघातात गेला. त्याचा खंगलेला आवाज ऐकला की तिला कळेल."

मी म्हणालो, "हे मी तिला सांगणार नाही. ते पोलिसांचं काम नाही. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. बाईंनी मला थांबवून घेतलं होतं. त्यांनी अडखळत सुरुवात केली, पण मुलीनं मध्येच त्यांचा हात धरला.

"मम्मी, मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. इमिग्रेशनच्या फाइलमध्ये मृत्यूचा दाखला होता. तू अपघात म्हणायचीस, म्हणून मीही म्हणायचे."

बाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आपण दोघी कोणासाठी खोटं बोलत होतो?"

त्यांनी तक्रार मागे घेतली. इंजिनिअरला काम सुरू करायला सांगितलं. दीड महिन्यानं त्यांनी मला रविवारी दुपारी बोलावलं. आधीच्या रिळांतली गिटार खरंच गुरगुरत होती, आणि बाई खुर्चीत बसून पायानं ठेका धरत होत्या. सातव्यात फक्त एक दमलेला आवाज होता. गाणं अर्ध्यावर थांबलं. लहान मूल किरकिरत होतं. तो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" मुलीनं विचारलं.

"म्हणाला, ही झोपत नाहीये, हिला इकडे दे."

"ती... मी आहे?"

"मग कोण?"

त्यानंतर रीळ संपेपर्यंत तो नुसता गुणगुणत होता.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतोय, असं धरूनच आम्ही पोलीस चालतो. इथे दोघी गप्प होत्या, त्या एकमेकींना जपण्यासाठी. नोकरीच्या शेवटी शेवटी का होईना, हा फरक मला ओळखता यायला लागला.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. मी शेकडो अनोळखी लोकांचे जबाब रेकॉर्ड करून, सील लावून जपले. माझे बाबा आम्हाला घेऊन भारतातून लंडनमधल्या इल्फर्डला आले, तिथेच गेले, आणि त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. त्या दुपारी मी घरी न जाता थेट इल्फर्डला आईकडे गेलो आणि फोन टेबलावर ठेवला.

"आई, बाबांबद्दल सांग ना. मी रेकॉर्ड करतोय, चालेल?"

"रेकॉर्ड कशाला?" आई म्हणाली. "मी काय गुन्हा केलाय?"