लीलाताईंचा आवाज

काही बिघडलं की लीलाताई कांबळे खुलायच्या. संगणक सुरू होता होता मध्येच अडकला, पडद्यावर नुसता काळोख पसरला, की आम्ही तारा चाचपायला धावायचो. त्या मात्र खुर्ची पुढे ओढायच्या, पदर खोचायच्या आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायच्या, "बघा मंडळी, अडकलं! लई बरं झालं. सुरळीत चाललं असतं तर तुमी काय शिकला असतासा? आता बसा निवांत, कुठं अडकलंय ते मिळून बघूया." आणि हे सगळं थेट चालू असायचं. शाहूपुरीतल्या केबलच्या खोलीतला तो काळा पडदा निम्म्या कोल्हापुरातल्या टीव्हींवर दिसत असायचा.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. दर रविवारी दुपारी आमच्या भागातल्या केबलवर 'मोकळा संगणक' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आम्ही काही हौशी माणसं फुकटात करत होतो. विषय मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याच्या पोटात काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं आणि ज्याची प्रत दुसऱ्याला दिली तर ती चोरी ठरत नाही, असं सॉफ्टवेअर. मी शाहूपुरीत संगणकाचे क्लास चालवायचो, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते मला आजवर कळलेलं नाही. केबलवाला आनंदा पाटील रविवार दुपारची वेळ आम्हाला द्यायचा, कारण त्या वेळी सगळं गाव मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आडवं झालेलं असतं आणि कुठला जाहिरातदार तिकडे फिरकत नाही. कॉलेजची पोरंपोरी मदतीला यायची आणि परीक्षा आली की गुल व्हायची. कार्यक्रम म्हणजे खरं तर एकट्या लीलाताई.

त्यांचा आवाज गावाला आधीपासून ठाऊक होता. टेलिफोन खात्यात त्या ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. मुंबईला नोकरीत असलेल्या मुलाशी, पुण्यात दिलेल्या लेकीशी बोलायचं तर आधी लीलाताईंशी बोलावं लागे. जाड, खणखणीत आवाज, शेवटाला किंचित फाटणारा. मंडईत त्या मेथीची जुडी मागायच्या आणि शेजारची बाई वळून म्हणायची, "अगबाई, तुमी ट्रंकच्या न्हवं?" पुढे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले, मधल्या बाईची गरज उरली नाही आणि खात्याने त्यांना बिलांच्या विभागात संगणकापुढे बसवलं. इतर बायका त्या यंत्राला भिऊन हळदीकुंकू वाहायच्या. लीलाताईंनी महिन्याभरात त्याचं झाकण काढून आत काय आहे ते बघितलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

माझ्या क्लासात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळी यंत्रं न्याहाळली आणि सरळ विचारलं, "काय ओ सुतार, ही सॉफ्टवेअरं तुमी चोरूनच घातल्यात न्हवं?"

मी म्हणालो, "ताई, सगळेच घालतात."

"मग चोरण्यापरास मागून घ्या की. मागितल्यावर देणारी माणसं हायत जगात." असं म्हणून त्यांनी पर्समधून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली ती लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरची सीडी होती. घरी नेऊन बघेन, असं मी तोंडदेखलं म्हणालो. त्या हलल्याच नाहीत. मी ती यंत्रात घालून सगळं नीट चालू करीपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या आणि मधल्या वेळात माझ्या दोन विद्यार्थ्यांना फुटाणे वाटून त्यांची नावंगावं विचारून झाली.

एवढा ध्यास कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. भोगावतीकाठच्या त्यांच्या गावी, त्या लहान असताना, वाचनालयाचं एक काचेचं कपाट होतं. पुस्तकांच्या पाठी बाहेरून वाचता यायच्या. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ या पोरीला रोज म्हणायचे, उद्या ये. "न्हाय असं कुणीबी म्हणलं न्हाय मला," लीलाताई म्हणाल्या. "आमच्या वस्तीतल्या पोरास्नी न्हाय म्हणायला तवा कायद्यानं बंदी हुती. मग 'उद्या ये' म्हणायचं. चौथीपासनं सातवीपर्यंत मी उद्या जातच हुतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, त्याला पुण्याचे पाहुणे हसतात. त्या दिवशी मी काही हसलो नाही.

कार्यक्रमात मात्र हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. तिथे सगळा कारभार स्वयंपाकघरातला. कार्यक्रम चालू असताना लोक फोन करायचे. एका वकीलसाहेबांनी विचारलं, कंपनीने आपलं सॉफ्टवेअर कुणाला उघडू दिलं नाही तर बिघडलं कुठे? लीलाताई म्हणाल्या, "चटणी इकत द्या, माझी काय हरकत न्हाय. पर मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं तर 'डब्याला हात लावायचा न्हाय' म्हणणाऱ्या बाईकडं मी जेवत न्हाय." शिरोलीतल्या एका फाउंड्रीचा मालक हे ऐकून खूश झाला आणि ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांवर लिनक्स घालून घेतो म्हणाला. पुढे त्याच्या मेहुण्याने चोरीची सॉफ्टवेअरं घातलेल्या जुन्या यंत्रांचं दुकान काढलं, खरेदी तिथेच झाली आणि ते राहिलंच. असं बरेचदा व्हायचं. लीलाताई वाईट वाटून घ्यायच्या नाहीत. वाईट आम्हाला वाटायचं.

त्यांचा एक हट्ट आम्हाला पुढे फार महागात पडला. सोमवारी सकाळी पुन्हा दाखवायचा म्हणून प्रत्येक भाग आनंदाच्या व्हिडिओवर टेप व्हायचा आणि पुढच्या रविवारी त्याच टेपवर पुढचा भाग. दुसरी कॅसेट आणूया म्हटलं की त्यांना पटायचं नाही. "जपून ठिवायला काय आपण देव बसवतोय? आपल्या कपाटात ठिवलं की त्येला कुलूप आलं. लोकांच्या घरात ठिवा." आणि कार्यक्रमाच्या शेवटी, हात जोडायच्या आधी, त्या न चुकता सांगायच्या, "टेप करा, पुढं द्या. बदलायचं तर बदला. तुमच्या भाषंत करा. मला इचारत बसू नका." आम्ही सगळे मुक्ततेच्या नशेत. वाटलेली वस्तू दहा घरांत राहते, ती कशी हरवेल, असंच आम्ही धरून चाललो.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली, म्हटलं ताई, फोनवाल्यांशी भांडू नका. त्या ज्येष्ठमध चघळत कार्यक्रम करत राहिल्या. आवाज फाटत गेला, मग खरखरीत झाला आणि एका रविवारी मधल्या मध्ये बंद पडला. पडद्यावर त्या बोलतायत आणि ऐकू काहीच येत नाही. आनंदा तारा हलवून बघत होता. तारांचा दोष नव्हता.

मिरजेला तपासणी झाली. घशात गाठ निघाली, ती साधी नव्हती. जगायचं तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो होतो. कुजबुजल्यासारखं बोलत त्या म्हणाल्या, "सुतार, कार्यक्रम बंद करू नका." मी हो म्हणालो आणि केलाही काही रविवार. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मी सगळं बरोबर करून दाखवायचो, कुठेही न अडकता, आणि ते कुणी बघत नव्हतं. फोन येईनात. आनंदाने संकोचत संकोचत ती वेळ साड्यांच्या सेलला दिली. वर्षभरात त्याची केबलही एका मोठ्या कंपनीने घेतली आणि तो तिथे पगारी माणूस झाला. कार्यक्रम संपला, हे आम्ही एकमेकांना कधी बोलूनही दाखवलं नाही.

लीलाताई घरी आल्या तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरं फडकं, आणि हातात नातीची पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहायच्या. लिहिणंही तसंच ठसठशीत, कोल्हापुरी. त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'माझा एक भाग आणा की. मी कशी बोलत हुतो, इसरायला लागलोय.' त्यांची लेक सारिका चहा घेऊन आली होती. तिने ते वाचलं आणि तशीच कपबशी घेऊन आत गेली.

मला वाटलं, यात काय अवघड आहे. आनंदाकडच्या टेपवर साड्या होत्या, ते ठीकच. पण लोकांच्या घरात किती असतील! मी हिंडायला लागलो. एकाने त्या टेपवर मुलीची हळद भरली होती. एकाने कुस्त्या. आणि ज्यांनी काही भरलं नव्हतं, त्यांनी ताईंचं ऐकलं होतं. शाहूपुरीतले घड्याळजी प्रत्येक भाग टेप करायचे. ते म्हणाले, "माझ्याकडं कशी असंल? बाईंनी पुढं द्या म्हणून सांगितलं, मी बिद्रीच्या साडूला दिली." साखर कारखान्यातल्या साडूने ती गडहिंग्लजच्या टायपिंगवाल्याला दिली होती. टायपिंगवाल्याने सीमेपलीकडच्या एका शाळेतल्या हिरेमठ मास्तरांना. सगळे अभिमानाने सांगत होते, आपण अडवून ठेवली नाही म्हणून. एखादा तरी अप्पलपोटा माणूस भेटू दे, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

हिरेमठ मास्तरांकडे टेप होती. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला. शाळेच्या व्हिडिओवर त्यांनी ती लावली. लीलाताई दिसल्या. निळी साडी, कपाळावर चष्मा, शेजारी काळा पडलेला पडदा. त्यांनी तोंड उघडलं आणि हिरेमठ मास्तरांच्या आवाजात कन्नडमधून बोलायला लागल्या.

मास्तर हसून मला सांगत होते, "आमच्या पोरांस्नी मराठी येत न्हाय हो. अक्काच म्हटल्या की, बदला, तुमच्या भाषेत करा. मी बदललो." त्यांच्या व्हिडिओत चित्र तसंच ठेवून खालचा आवाज पुसून नवा भरायची सोय होती. दिवाळीची सगळी सुट्टी बसून त्यांनी वाक्यन् वाक्य भरलं होतं. मी आलो कशासाठी ते मी सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो राग काढायला कुठे जागाच नव्हती. जे सांगितलं ते इतक्या मनापासून करणारा माणूस आमच्या सगळ्या कार्यक्रमातून हा एकच निघाला होता.

सारिकाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आणा काका. चेहरा तरी बघंल." मास्तर हट्टाने बरोबर आले.

लीलाताई उशांना टेकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. त्यानंतर त्या तो एक पावसाळा काढू शकल्या, एवढंच. मास्तर त्यांच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "अक्का, मूळ आवाज पुसला हो माझ्या हातनं. मला ठाऊक नव्हतं." त्यांनी मास्तरांकडे नीट बघितलं, पाटी घेतली आणि लिहिलं, 'पोरं शिकली का?' मास्तरांनी मान हलवली. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, 'मग झ्याक केलंसा.' मग पाटी खाली ठेवली. टेप लावा, अशी त्यांनी खूण केली.

दोनतीन मिनिटं त्यांनी कन्नड ऐकलं. मग हाताने दाखवलं, आवाज बंद करा. सारिकाने आवाज बंद केला. पडद्यावर लीलाताई हातवारे करून काही सांगत होत्या. पलंगावरच्या लीलाताईंचे ओठ हलायला लागले. आधी अडखळत, मग पडद्याबरोबर, मग कुठे कुठे पडद्याच्याही पुढे. आवाज नाही, श्वास तेवढा गळ्यावरच्या फडक्यातून येत-जात होता. सारिका माझा दंड धरून उभी होती. मध्येच पडद्यावरच्या लीलाताई बोलायच्या थांबल्या, फोन उचलून कानाला लावला. कुणीतरी काही विचारत होतं. पलंगावरच्या लीलाताईही थांबल्या आणि मान तिरकी करून ऐकायला लागल्या. फोनवरचा आवाज टेपवर कधी आलाच नव्हता, त्यामुळे प्रश्न काय होता, ते आमच्यापैकी कुणालाच, मास्तरांनाही, कळलं नाही. त्यांना तो आठवत होता. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला आणि मग उत्तर द्यायला सुरुवात केली.