ओंडके ओढलेल्या वाटेची माती

सत्तरच्या दशकात मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधाला विषय मिळाला जंगलाच्या मातीतल्या जिवाणूंचा. नागपूरजवळ कुहीच्या बाजूला सागाची तोड चालू होती. तोडलेल्या आणि न तोडलेल्या रानातली माती नागपूरला आणायची, काचेच्या बशांत जिवाणू वाढवायचे आणि किती तऱ्हेचे दिसतात ते नोंदवायचं.

सकाळच्या बसने उतरून मी तासभर चालत गेले. तोडीवर एक बाई फांद्या छाटत होती. मी माती पुडीत भरताना पाहून ती जवळ आली.

"काहून वं पोरी, माती काहून नेऊन राहिली? नागपुरात माती नाही का?"

मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पाहायचे आहेत, असं मी सांगितलं. वाटलं, हसेल. पण तिने बैलांनी ओंडके ओढून नेले होते ती वाट दाखवली. "मंग इथलीबी घे. दोन वर्सं झाले, इथं गवत नाही उगून राहिलं."

माझ्या आखणीत ती वाट नव्हती. तरी तीन पुड्या घेतल्या. जमीन दबून इतकी घट्ट झाली होती की माझं खुरपं वाकलं.

आठवड्याने बशा पाहिल्या. उभ्या रानातल्या मातीत पांढरे खडूसारखे, पिवळे, गुलाबी, सुरकुतलेले असे नाना तऱ्हेचे ठिपके होते. तोडलेल्या जागी ठिपके जास्त होते, पण तऱ्हा कमी. वाटेच्या मातीत मात्र जवळजवळ एकच तऱ्हा, चिकट राखाडी. खडूसारखा एकही नाही.

मार्गदर्शक सरांनी बशा उजेडात धरल्या. "पुड्या नीट निर्जंतुक केल्या नव्हत्यास. वाटेच्या बशा टाकून दे."

पुड्या मी स्वतः दोनदा निर्जंतुक केल्या होत्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

"आली वापस?" बाई म्हणाली.

"मावशी, सर म्हणतात, माझीच चूक झाली."

"चूक कायची? भर तू, मी खोदतो." तिने कुदळ आणली. आम्ही त्या वाटेवर एकमेकांपासून लांब अशा पाच ठिकाणांची माती घेतली. दुपारी तिने मला आपल्या भाकरीतली अर्धी दिली.

पुन्हा तेच निघालं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. वाटेच्या मातीवर वेगळं प्रकरण लिही." मी तिथेच खुर्ची ओढून लिहायला बसले.

हे तिला सांगायला गेले, तर तोड संपली होती. मजुरांची टोळी कुठल्या रानात गेली, गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

आभाराच्या पानावर मी लिहिलं : तोडीवरच्या एक बाई. टंकलेखकाने विचारलं, "मॅडम, नाव राहिलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "मी विचारलंच नव्हतं."